अनुभव धागा: घरातला, वाटेवरचा, खिशातला... तुमच्या आठवणीतला एक दगड

रानजाई

परवा आईच्या स्वयंपाकघरातल्या फरशा बदलायला माणूस आला होता. त्याने ओट्याखालून पाटा-वरवंटा ओढून काढला आणि विचारलं, "ताई, हे राडारोड्यात टाकू ना?" मी "थांबा!" म्हटलं ते इतक्या जोरात की बिचारा दचकलाच.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. पाटा गेली वीसेक वर्षं सिलिंडरच्या मागे पडून होता. मीच तो घासून धुतला आणि वाळायला बाल्कनीत भिंतीला टेकवून उभा केला. दुपारी ऊन तिरकं आलं तेव्हा दिसलं की पाट्याला दोन खळगे आहेत. एक खोल, डावीकडे सरकलेला. दुसरा उथळ, उजवीकडे. मधोमध जरासा उंचवटा. मी हात फिरवत बसले आणि एकदम लक्षात आलं, आजी डावखुरी होती! वरवंटा दोन्ही हातांनी धरतात, पण ज्या हाताचा जोर जास्त तिकडे दगड जास्त झिजतो. डावीकडचा खळगा आजीचा, चाळीसेक वर्षांचा. उजवीकडचा आईचा, मिक्सर येईपर्यंतचा.

डाव्या हाताने वाढायचं नाही, डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही, असं आजीला जन्मभर बजावलेलं. अक्षरओळख तर तिच्या वाट्याला आलीच नाही. तिचा फोटो एकच आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला, पदर तोंडावर आलेला. आणि पाट्यावर मात्र तिचा डावा हात जसाच्या तसा. पाट्यापाशी तिला कुणी अडवलं नसणार. मी त्या खळग्यात तळवा ठेवला तर बरोबर बसला.

म्हणून हा धागा. तुमच्याकडेही असेल असा एखादा दगड. लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

चिंचगुळ

वाचता वाचता डोळे भरले गं. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत लिहिते. आमच्या चाळीत दुपारची टाकीवाली यायची. "पाट्याला टाक्कीऽऽय, जात्याला टाक्कीऽऽय!" छिन्नी, हातोडी, आणि पाठीला बांधलेलं लेकरू. जिन्याखाली बसून टक् टक् टक् तिरक्या ओळीत बारीक खड्डे पाडत जायची. पोर त्या आवाजात गाढ झोपलेलं असायचं. आम्हा पोरींचा हट्ट की आमच्या पाट्यावर मासा काढा. ती काढायची. शेजारच्या काकूंच्या पाट्यावर फूल होतं, आमच्यावर मासा. टाकी लावल्यावर आई आधी मूठभर जाडं मीठ वाटून टाकून द्यायची, नाहीतर चटणीत कच येते.

शिट्टी झाली. येते परत.

खडकवाट

रानजाई, पाट्यावर हात फिरवताना पांढरे ठिपके लागले का? मी सेवानिवृत्त आहे. विहिरींच्या जागा बघण्याच्या कामात तीस वर्षं या काळ्या फत्तराच्या मागे हिंडलो, म्हणून विचारतो.

आपला पाटा म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एक थर निवायचा, मध्ये काळ जायचा, पुन्हा वर दुसरा थर. आज हे थर ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घाटातून जाताना काळ्या कड्याच्या मधोमध विटकरी पट्टा दिसतो ना, ती दोन थरांच्या मधली माती. वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. दोन लाव्ह्यांमध्ये माती तयार होण्याइतकी उसंत मिळाली होती, त्याची ती खूण. आता घाटातून गेलात की गाडी हळू घ्या आणि बघा.

दाणा बारीक आणि दगड कणखर, म्हणून तो वाटणाला झिजतो पण पिढ्यानपिढ्या सरत नाही. पांढरे ठिपके म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. त्यांच्या पोकळ्या पुढे पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी भरल्या. कधीकधी पोकळी मोठी असते. नाशिककडे एकदा विहिरीचं काम चालू होतं. साठेक फुटांवर सुरुंग उडवला आणि खाली उतरलेला मजूर ओरडला, "साहेब, आत देवघर हाय!" मी उतरलो. कपाटाएवढी पोकळी. बॅटरी मारली तर आतून सगळीकडे पांढरे आणि फिकट हिरवे स्फटिक, झिओलाइटच्या जातीचे, सुईसारखे, पाकळ्यांसारखे. त्याआधी त्यांच्यावर उजेड असा कधी पडलेलाच नव्हता. त्या माणसाने चप्पल काढली. मीही बूट काढले.

माहेरवाशीण

बूट काढले वाचून अंगावर काटा आला काका.

दुपारचा_चहा

माझा मुलगा सहा वर्षांचा. रोज शाळेतून येताना खिशात एक तरी गोटा. दोनदा वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट झाला, मी रागावले. मग त्याने सगळे गोटे एका बुटाच्या खोक्यात ठेवले आणि प्रत्येकाला नाव दिलं. एक 'पाऊस', कारण तो ओला झाला की निळा दिसतो. एक 'आबा', तो का ते सांगत नाही. माझे सासरे जूनमध्ये गेले. धागा वाचल्यावर आत्ता जाऊन 'आबा' हातात घेऊन बघितला. एका बाजूने गुळगुळीत, टकलासारखा. कळलं.

चिंचगुळ

अगं दुपारचा_चहा 😭

परत आले ते दुसरंच सांगायला. रानजाई, पाटा परत वापरायला काढणार असशील तर आधी कोमट पाणी आणि काथ्याने घास, साबण नको, दगड वास धरून ठेवतो. मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, थोडं आलं, मीठ. पाण्याचा थेंब न घालता. मिक्सरमध्ये चटणी कापली जाते, पाट्यावर चिरडली जाते, खोबऱ्याचं दूध आपोआप सुटतं. चव तिथे बदलते.

अष्टागर

अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख हा माझा दगड. कॉलेजला जाता-येता रस्त्याच्या कडेला उघड्यावर दिसायचा. वर सूर्य-चंद्र, मध्ये झिजलेली अक्षरं, खाली एक ओबडधोबड चित्र. आम्ही त्याच्याशेजारी सायकली लावून बोरं खायचो. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे फार उशिरा कळलं. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणती होते, आणि अनेक अभ्यासक तर त्याला पहिला मान देतात. शं. गो. तुळपुळ्यांनी तो वाचला.

मला सारखं वाटतं ते एवढंच की त्याची सुरुवात 'गी सुष संतु' अशी आहे. जगात सुख नांदो. आणि त्याच दगडाच्या शेवटी, दिलेलं दान जो कुणी मोडेल त्याला गाढवाचा शाप. म्हणून असल्या दगडांना गधेगळ म्हणतात. ज्याने कोरवून घेतला त्याला जगाचं भलं हवं होतं आणि माणसांवर पूर्ण भरवसाही नव्हता. हजार वर्षांत फार काही बदललेलं नाही. माझी आजी पण देवापुढे "सगळ्यांना सुखी ठेव" म्हणायची आणि लगेच कोठीच्या किल्ल्या कनवटीला खोचायची.

टाकळा

मी लहानपणी सागरगोटे खेळायचे. पाच सागरगोटे, आजीने दिलेले, राखाडी, गुळगुळीत, थंड दगड. अजून आहेत डबीत. हाच माझा दगड.

खडकवाट

टाकळा ताई, सागरगोटा दगड नाही, बी आहे. गजग्याच्या काटेरी वेलीचं.

टाकळा

काय सांगता!! पन्नास वर्षं मी दगड म्हणून जपतेय!

खडकवाट

मग आता जास्तच जपा. कवच इतकं टणक असतं की बी समुद्रात पडलं तरी तरंगत तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतं आणि तिथे रुजतं. समुद्राच्या लाटांबरोबर येणारा गोटा म्हणून सागरगोटा म्हणत असावेत, असं आमचे एक मास्तर सांगायचे. फरशीवर घासून चटका द्यायचा खेळ खेळलात की नाही?

टाकळा

खेळलो तर! भाऊ फरशीवर घासघास घासायचा आणि मानेला लावायचा. त्याला आजच फोन करते. बरेच महिने बोलणं नाही आमचं, जमिनीवरून. पण सागरगोट्याचं सांगायला हरकत नाही.

केवडा

आमचो दगड म्हणजे सडो. राजापूरकडचे आम्ही. घराच्या वर जांभ्याचा सडा, उन्हाळ्यात नुसता तापलेला तवा. गुरं घेऊन वर गेलो की काही ठिकाणी कातळात चित्रं कोरलेली दिसत. मासा, माणूस, कसलीशी नक्षी. मोठी माणसं सांगत, पांडवांनी एका रात्रीत काढली, कोंबडा आरवला तशी अर्धी टाकून गेले. आम्ही पोरं चित्रातल्या माणसाच्या पोटात बसून भाकरी खायचो, कारण तिथे जरा खोलगट जागा होती आणि पावसाळ्यात पाणी साचून त्यात बेडकाची पिल्लं दिसायची.

आता त्यांना कातळशिल्पं म्हणतात. लोक लांबून बघायला येतात. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव लागलं. कुणी काढली, का काढली, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हजारो वर्षं जुनी आहेत एवढं नक्की.

पण मला सांगायचं ते वेगळं आहे. सडा पडीक आहे, बिनकामाचा आहे, असं सरसकट लिहितात. तुम्ही ऑगस्टात या. बोटभर मातीत फुलं उभी असतात. निळी सीतेची आसवं, ती तर किडे खाऊन जगणारी, मातीत काहीच नाही म्हणून. ज्याने हजारो वर्षांपूर्वी इथे बसून मासा कोरला त्याच्याही पायाशी हीच फुलं असणार. माझी आई त्या फुलांवरून चालताना पाय तिरपा टाकायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

बोरकाटी

केवडा, पाय तिरपा टाकायची ❤️ आमच्या साताऱ्याकडे कास पठार पण जांभ्याचंच. २०१२ ला जागतिक वारशात आलं आणि गर्दी वाढली. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, मी दोनदाच पाहिली आहे. तिसऱ्यांदा लेकीला घेऊन जायचंय.

कुशावती

केवडा, आमच्या गोंयातही आहेत. सांगे तालुक्यात उसगाळीमळ, कुशावती नदीच्या काठाला जांभ्यावर बैल, हरणं, आणि एक गोल गोल चक्रव्यूह. गावच्या लोकांना माहीत होतं, अभ्यासकांना १९९३ च्या सुमारास कळलं. पावसात नदी चढली की काही चित्रं पाण्याखाली जातात आणि नदी उतरली की परत वर येतात. मी शाळेच्या सहलीला गेले तेव्हा त्या चक्रव्यूहात बोट फिरवत फिरवत मध्यापर्यंत गेले, आणि बाईंनी हाक मारली म्हणून बोट उचलावं लागलं. अजून बाहेर यायचं राहिलंय असं वाटतं कधीकधी.

पाऊलवाट

ऑफिसच्या बसमध्ये आहे, चुका माफ करा.

आमच्या गावच्या ओढ्यावर धुण्याचा एक दगड होता. सपाट, कमरेएवढा लांब. आजी, काकू, आई, सगळ्यांनी त्यावर धुणी आपटली. चार वर्षांमागे ओढ्याला घाट बांधायचं ठरलं, जेसीबीने दगड उलटा झाला आणि खालच्या बाजूला माणसं! वीरगळ निघाला. वीरगळ कसा वाचायचा माहीत नसेल तर सांगतो, खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली मरून पडलेला वीर. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. टोकाला सूर्य-चंद्र, ते आहेत तोवर याची आठवण राहो म्हणून. आमच्यात तर खाली गाईंची रांगपण कोरलेली आहे. म्हणजे गावची गुरं कुणी पळवून नेत होतं आणि हा आडवा गेला.

नाव नाही. साल नाही. पण गावातली गुरं वाचवताना मेलेला माणूस, एवढं दगड स्पष्ट सांगतो.

आजी तेव्हा ८६ ची. तिला खुर्चीत बसवून आणलं बघायला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी रोज याच्या पाठीवर धुणं धुतलं रं. जड झालं असंल." आणि तिने ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यावर घातलं, पदराने पुसलं, शेवाळ नखाने खरवडून काढलं. पडलेल्या वीराच्या तोंडावरचं शेवाळ काढताना हात इतका हलका, जणू आजारी माणसाचं तोंड पुसतेय.

आता पाराजवळ उभा केलाय. काहींनी शेंदूर लावायचं काढलं होतं, आम्ही पोरांनी विनंती करून थांबवलं, शेंदराखाली कोरीवकाम बुजतं. हळदकुंकू वाहतात, ते ठीक आहे.

घाटमाथा

पाऊलवाट, मुंबईकरांनी बोरिवलीचे एकसरचे वीरगळ जरूर बघावेत. त्यांवर चक्क नौकांची लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणाऱ्यांच्या रांगा दिसतात. इमारतींच्या मधे उभे आहेत. मी दहा वर्षं त्या भागात राहिलो आणि कुणी सांगितलं नाही.

तुमच्या आजी आहेत ना अजून?

पाऊलवाट

आहेत दादा. नव्वद. त्याच्यासमोरच बसतात संध्याकाळी.

वॉचंगकर

न्यू जर्सीहून. इथे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी सामानात छोटा दगडी खलबत्ता दिला. वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर नवरा म्हणाला काढून टाकू. मी दोन साड्या आणि लोणच्याची बरणी काढून परत पाठवली, खलबत्ता ठेवला. तेव्हा सासूबाईंशी फार जमतही नव्हतं माझं, तरी का ठेवला कुणास ठाऊक.

पहिल्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ, घरात मी एकटी, रोज सकाळी आलं-वेलची कुटायचे. तो ठण् ठण् आवाज हा दिवसातला पहिला ओळखीचा आवाज असायचा. पुढे मुलीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे कळलं की आमच्या घरामागच्या वॉचंग टेकड्या बेसाल्टच्याच आहेत! आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या, जवळजवळ २० कोटी वर्षांच्या, पण दगड तोच, काळा, लाव्ह्याचा. खडकवाट काका, बरोबर ना? त्या दिवसापासून हे गाव थोडं माझं झालं. टेकडीवर गेले की हात लावून येते.

खडकवाट

अगदी बरोबर. घरच्याच कुळातला आहे. खुशाल हात लावा.

भीमथडी

कुणी जात्याबद्दल कसं लिहिलं नाही अजून? आमची आत्या पहाटे चारला दळायला बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जात्याची घरघर आधी मांडीतून यायची, मग कानातून. ती घास टाकायची, खुंटा फिरवायची आणि गायची. दिवसभर तोंडातून चकार शब्द नाही काढायची, मोठं घर, मोठी माणसं. सगळं बोलणं पहाटेचं, जात्याशी. भावाला, आईला, विठ्ठलाला, आणि दोन ओव्या तर नवऱ्याला खडसावणाऱ्या, तो पलीकडच्या खोलीत घोरत असताना! वडिलांना ठाऊक होतं. ते अंथरुणात पडून ऐकायचे आणि सकाळी काही न बोलता बहिणीला आवडायचे ते भाजके शेंगदाणे आणून ठेवायचे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे वाचलं तेव्हा मी आधी आत्याचं गाव त्यात आहे का ते शोधलं. नाही सापडलं. तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या, मला मोडक्यातोडक्या चारच येतात. जातं आहे. वरची तळी अंगणात तुळशीच्या बुडाशी, खालची गोठ्यात. या दिवाळीला दोन्ही एकत्र आणणार आहे. धाग्यामुळेच ठरवलं.

चिंचगुळ

भीमथडी दादा, त्या चार तरी लिहून ठेवा कुठेतरी. आवाजात रेकॉर्ड करा.

भीमथडी

माझा आवाज फाटका आहे.

चिंचगुळ

आत्याचा पण पहाटे चारला काय गोड असेल हो? करा रेकॉर्ड.

शाळुंका

आमच्या देवघरात शाळिग्राम आहे, सासऱ्यांच्या आजोबांनी काशीहून आणलेला. मी रोज त्याला पाणी घालते. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, समुद्री प्राण्याचा जीवाश्म, आतलं चक्र म्हणजे त्याच्या शंखाची वळणं, हे मी दहावीला शिकवणाऱ्या पुतणीकडून ऐकलं. नेपाळमधल्या गंडकीत सापडतात, कारण हिमालय वर येण्याआधी तिथे समुद्र होता. सासऱ्यांना सांगावं की नाही, वाईट वाटेल का, असं करत महिना घालवला. शेवटी सांगितलं. ते चष्मा काढून हसले आणि म्हणाले, "मग? विष्णू समुद्रातच राहतो असं आम्ही आधीपासून म्हणतोय." त्या दिवसापासून ते त्याला आंघोळ घालताना पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात. घरचं वाटावं म्हणून.

दुपारचा_चहा

मीठ टाकतात!! काय गोड माणूस.

रविवारसकाळ

लिहू की नको करत होतो. लिहितोच.

एप्रिल २०२१. बाबा गेले. स्मशानात मी आणि भाऊजी, बाकी कुणी नाही. गुरुजी फोनवर. मडक्याला भोक पाडायला दगड लागतो, तोच पुढे दहा दिवस जपायचा, जीवखडा. एरवी घरची मोठी माणसं बघून आणतात. गुरुजी म्हणाले, जवळपासचा कुठलाही खडा उचला. पायाशी रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. त्यातला एक उचलला. तिकोनी, कडा धारदार. हातमोज्यातून टोचत होता.

तो घराच्या बाहेर, गॅलरीत कुंडीच्या मागे वाटीत ठेवला. आई आतल्या खोलीत, तिलाही झालेला. तिला बाबांचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. ती रोज खिडकीशी येऊन विचारायची, "नीट आहे ना रे?" मी म्हणायचो नीट आहे. "ऊन लागतंय का?" मी वाटी सावलीत सरकवायचो. एका रात्री अवकाळी पाऊस आला, तर ती उठून खिडकी वाजवायला लागली. मी वाटीवर ताट झाकलं, मग ते बरं वाटेना म्हणून छत्री उघडून ठेवली. मध्यरात्री दोन वाजता, रस्त्याच्या खडीतल्या एका तुकड्यावर छत्री.

दहाव्याला नदीत सोडताना मूठ लवकर उघडेना. कड बोटात रुतली होती.

माहेरवाशीण

हात जोडते दादा. आईंना सांभाळा.

घाटमाथा

🙏

वॉचंगकर

माझे वडील त्याच महिन्यात गेले. मी येऊ शकले नाही. भावाने खडा व्हिडिओवर दाखवला होता, मी तेव्हा तो नीट बघितलाही नाही, रागात होते सगळ्यावर. आज तुमचं वाचून त्याला विचारलं, कसा होता रे? त्याला अजून आठवतो. लांबट, एक पांढरी रेघ असलेला. तुमचे आभार.

माहेरवाशीण

मी पण वरवंट्याचं लिहायला आले होते, धीर होत नव्हता रविवारसकाळ दादांच्या नंतर. पण लिहिते.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं, काजळाची तीट, कुंची. गोप्या म्हणतात त्याला. दोन बायका पाळण्याच्या खालून-वरून त्याला इकडून तिकडे देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत. आजी सांगायची, बाळ वरवंट्यासारखं टणक होऊदे, आयुष्याला दगडासारखं टिकूदे. लग्नात नवरीला सहाणेवर उभं करतात तेही तेच, दगडासारखी स्थिर राहा. (लग्नातलं ते मला तेव्हा पटलं नव्हतं, नवऱ्यालाही उभं करा म्हटलं होतं. गुरुजी भले, त्यांनी खरंच केलं.)

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्याच्यासाठी पाळणा आणलेला, टोपडं शिवलेलं. सगळं कपाटात. एके दिवशी सासूबाईंना मी पाट्यापाशी बघितलं, त्या वरवंटा मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या, दोन्ही पाय हलवत. मला बघून थांबल्या. मी जवळ जाऊन बसले. आम्ही दोघी काही बोललो नाही. नंतर तीन वर्षांनी लेक झाली तेव्हा तोच गोप्या सजवला.

रानजाई

मी सकाळपासून एकेक वाचतेय आणि काय लिहावं कळत नाही. खडकवाट काका, हो, पांढरे ठिपके आहेत. सात. आईच्या बाजूला पाच, आजीच्या बाजूला दोन, बाकीचे झिजून गेले असतील.

अजून एक. चिंचगुळ म्हणाली म्हणून बघितलं, पाट्याच्या वरच्या कडेला पुसट नक्षी आहे. बहुतेक मासा. शेपटीच तेवढी उरलीय.

चिंचगुळ

मासाच! मी सांगते मासाच! कुठली चाळ गं तुमची?

रानजाई

गिरगाव.

चिंचगुळ

आम्ही दादरला. तरी तीच टाकीवाली असणार, मी तसंच धरून चालणार आहे.

बोरकाटी

कुणाला पुण्यात टाकी लावून देणारं माहीत आहे का? आमचा पाटा पार गुळगुळीत झालाय.

भीमथडी

मंडईच्या मागे एक मावशी बसायच्या, पाटे-जाती विकायलाही असायची. आता बसतात का बघून सांगतो, शनिवारी जाणारच आहे. तळीलाही टाकी लावून घ्यायचीय.

टाकळा

भावाला फोन केला. तासभर बोललो. बी आहे म्हटल्यावर तो म्हणतोय एक रुजत घालून बघ. चार ठेवते, एक लावते. खडकवाट दादा, कवच आधी घासायचं का?

खडकवाट

हो, एका बाजूने दगडावर घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग रात्रभर कोमट पाण्यात. कुंपणाला लावा, काटे फार असतात.

रानजाई

पाटा पुण्याला माझ्याकडे येतोय. फरशीवाल्या दादांनीच पोत्यात गुंडाळून टेम्पोत चढवला. त्यांना धागा वाचून दाखवला थोडा. ते म्हणाले, आमच्याकडे आहे गावाला, आईला विचारतो डावखुरी होती का.

वरवंटा मात्र पिशवीत घालून हातातच आणला. पुढच्या रविवारी भाचीच्या मुलीचं बारसं आहे. माहेरवाशीण, टोपडं शिवायला घेतलंय, माप किती घेऊ?

माहेरवाशीण

वरवंट्याच्या जाड टोकाला दोरा गुंडाळून बघ आणि त्यावर दोन बोटं सैल ठेव. बंद आखूड नको, ते सुटतात. लाल सुती घे.